तुमच्या हातचं, माझ्या नावावर

बाई, तुमच्या तेरवीच्या दुसऱ्या दिवशी घरात अकरा माणसं उरली होती आणि मंदाला ताप भरला. तुमची सून तेरा दिवस उभीच होती. येणाऱ्याजाणाऱ्यांचा चहा, जेवणं, भांडी, सगळं तिच्याच अंगावर होतं. मी म्हटलं, "तू पड. आज मी करते. गोळ्याची कढी आणि भात." मंदानं माझ्याकडे पाहिलं आणि कूस बदलली.

मी वर जाऊन माझं पुस्तक घेऊन आले. पान सतरा. डाळ मोजून भिजवली, मोजून दोन तास थांबले, वाटली, चमच्यानं लिंबाएवढे समान गोळे केले, माणशी तीन. कढीला उकळी आल्यावर आधी एकच गोळा सोडून पाहिला. तो टिकला. मग बाकीचे बत्तीस सोडले, आणि ते माझ्या डोळ्यांसमोर एकेक करून गंजातल्या कढीत विरघळून गेले. वर फक्त तो पहिला गोळा तरंगत राहिला.

जेवायला बसल्यावर तुमच्या प्रकाशनं घास घेतला आणि म्हणाला, "काकू, पिठलं चांगलं झालं." मंदाचा भाऊ म्हणाला, "मले अजून थोडं पिठलं वाढा बरं." पंगतीत हसू पसरलं. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं. तेरा दिवसांनी घरात कोणीतरी हसत होतं. मीसुद्धा हसले. भात निम्मा उरला आणि कढी शेवटच्या दोघांना पुरली नाही.

बाई, या घरात येऊन मला पन्नास वर्षं झाली, आणि गोळ्याची कढी मी त्या दिवशी पहिल्यांदा केली. ज्या पुस्तकावरून केली त्यावर माझं नाव आहे.

ते पुस्तक आता छापायचं ठरलं आहे. पुढच्या महिन्यात मला पंचाहत्तर पूर्ण होतील. माझ्या नातवानं, ओजसनं, डब्लिनहून सगळं जुळवलं आहे, चांगला कागद, वर माझा फोटो. त्याची बहीण मुक्ता मेलबर्नहून येणार आहे. त्याला माझ्याकडून फक्त प्रस्तावना हवी आहे. "दोन पानं लिही आजी. तेरा माणसांच्या घरात इतक्या कमी पैशांत तू इतकं चांगलं कसं रांधायचीस, ते लिही." मी बरं म्हटलं. हे त्याला सांगितलं तेव्हा तुम्ही दवाखान्यात होतात.

ही ती प्रस्तावना. पुस्तक इंग्रजीत आहे. हे मराठीत लिहिते आहे. इंग्रजीत लिहिलं असतं तर पुन्हा एकदा तुम्हाला वाचता येऊ नये अशा भाषेत लिहिलं असतं. दोघंही इंग्रजी शाळांत वाढली. मुक्ताला मराठी हळूहळू वाचता येतं. ती ओजसला वाचून दाखवील. त्यांना कळावं म्हणून काही गोष्टी तुम्हाला ठाऊक असूनही सांगाव्या लागतील. तेवढं चालवून घ्या.

आपण तेरा होतो. सासू-सासरे, दोघं भाऊ, धाकटे भाऊजी, नणंदबाई, आपण दोघी जावा आणि पाच मुलं. मी आले त्याच्या दुसऱ्या वर्षी मोठ्या भाऊजींची गिरणी बंद पडली. रामदासपेठेतल्या मुलींच्या शाळेत मला इंग्रजी शिकवायची नोकरी होती, ह्यांची कचेरीतली कारकुनी होती. घर माझ्या पगारावर चालतं असं मी मनाशी धरून चालले होते, आणि तसं वागतही होते. पगारातून आणलेलं धान्य तेरा जणांच्या पोटात दोन वेळा कसं जातं, चवीचं होऊन कसं जातं, हे मी कधी पाहिलं नाही. मी तेव्हा वह्या तपासत असे.

तुम्ही बुधवारच्या बाजारात नेहमी शेवटी जायचात, बाजार उठता उठता. एकदा मी बरोबर आले होते. भाजीवाला फुलकोबीचा पाला आणि देठ तोडून बाजूला टाकत होता.

"काहून फेकतो गा? दे इकडं."

"गाईले पाहिजे का, बाई?"

"हो. तेरा गायी हाय माह्या घरी."

मी दोन पावलं मागे सरकले. कोणी विद्यार्थिनीची आई दिसेल, या भीतीनं. त्या देठांची तुम्ही दुसऱ्या दिवशी डाळ घालून भाजी केलीत, ती मी डब्यात नेली.

तेलाचं तुमचं गणित मला फार उशिरा कळलं. पळीभर तेल असेल तर त्यातलं थोडंच तुम्ही भाजीत घालायचात आणि बाकीचं लसूण-मिरची लालभडक करून, सगळे ताटावर बसल्यावर, वरून सोडायचात. "खालचं तेल कोणाले दिसते वं? वरचं दिसते, वासबी येते. गरिबाच्या घरी तेल वरूनच घाला लागते." पुस्तकात मी लिहिलं आहे, 'शेवटी आवडीप्रमाणे वरून फोडणी घालावी.' आवडीप्रमाणे.

डब्याचं सांगते, कारण सुरुवात तिथून झाली. शिक्षिकांच्या खोलीत बाकीच्यांच्या डब्यांत पोळ्या, बटाट्याची भाजी, कधी श्रीखंड. माझ्या डब्यात ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी, तांदळाच्या कण्या घालून दाट केलेली. पहिले काही दिवस मी झाकण अर्धं उघडून जेवत असे. एक दिवस गणिताच्या मॅडमनी हात घालून चव घेतली आणि डबा सगळीकडे फिरला. मला माझ्या वाटणीचा एक घास मिळाला.

"सुमनताई, नोकरी सांभाळून हे तुम्ही करता कधी?"

मी म्हटलं, "पाचला उठते."

हे खरं होतं. मी पाचला उठत असे. साडीला इस्त्री करायला आणि धड्याची तयारी करायला. तुम्ही चारला उठत होतात. मी एकही खोटा शब्द बोलले नाही, आणि त्या दिवसापासून तो डबा माझ्या हातचा झाला.

पुढचं लिहायला मला दोन दिवस लागले. काल लिहून फाडलं.

थंडीचे दिवस होते, शनिवार, अर्धी शाळा. पाच जणी आपल्या घरी चहाला आल्या. थंडीत सांबार स्वस्त होतो म्हणून तुम्ही कोथिंबिरीच्या जुड्याच्या जुड्या निवडून सांबारवड्या केल्या होत्या. अंगावर घरातलं जुनं लुगडं, हाताला बेसन. वड्यांचं ताट घेऊन तुम्ही बैठकीत आलात. गणिताच्या मॅडम तुमच्याकडे बघून मला म्हणाल्या, "नशीबवान आहात हो. तुम्हाला कामाला बाई चांगली मिळाली. आमच्याकडे एक टिकत नाही."

'ह्या माझ्या मोठ्या जाऊबाई.' एवढंच बोलायचं होतं. पाचवीच्या मुलीलाही इंग्रजीत आलं असतं असं वाक्य. माझ्या हातात बशी होती. मी ती टेबलावर ठेवली, पुन्हा उचलली, आणि बोलले नाही.

तुम्ही एक क्षण माझ्याकडे पाहिलंत. मग मॅडमना म्हणालात, "मी वरचं काम पाहतो. सैपाक सुमनबाईच करते. तिच्याच हाताले चव हाय." आणि सगळ्यांना चहा देऊन आत गेलात. तुम्ही मला कधी सुमनबाई म्हटलं नव्हतं. सुमन म्हणायचात, नाही तर नुसतं 'वं'.

त्या गेल्यावर मी स्वयंपाकघरात आले. तुम्ही कढई घासत होतात.

"बाई, असं का सांगितलंत?"

"कसं?"

"कामाला असल्यासारखं."

"मंग काय सांगतो? तू तं चूप बसली होती. कोणीतरी बोला लागत होतं का नाही?"

मला रडू येत होतं आणि ते तुम्हाला दिसावं असंही वाटत होतं. तुम्ही कढई पालथी घातलीत.

"हे पाय सुमन, तुले रोज त्यायच्यात बसा लागते. मले कुठं जा लागते? जाय, वड्या उरल्या असतीन तं पोराईले काढून ठेव."

झालं. एवढ्यावर तुम्ही ते संपवलंत. मला वाटलं होतं तुम्ही चार दिवस अबोला धराल, सासूबाईंना सांगाल, टोमणे माराल. मी त्यासाठी उत्तरंही तयार ठेवली होती. तुम्ही काहीच केलं नाही, आणि मला पुढचा रस्ता मोकळा मिळाला. सोमवारी शाळेत त्यांनी वड्यांची कृती विचारली. रविवारी मी ती तुमच्याकडून विचारून घेतली होती. पाच जणींना सांगितली, त्यांनी वहीत उतरवून घेतली. माझ्या पुस्तकातलं पहिलं पान त्या सोमवारी तयार झालं.

आपलं एक भांडण राहून गेलं आहे. तुम्ही भांडण म्हणणार नाही, मी म्हणते. तुमच्या कढीतले गोळे कधी सारखे नसत. एखादा लिंबाएवढा, एखादा बोराएवढा. मला ते बघवत नसे. मी म्हटलं, "बाई, चमच्यानं मापून केले तर प्रत्येकाला सारखं मिळेल. कोणावर अन्याय नको."

"सारखी भूक असते का वं सगळ्याईले?"

"पण मुलं मोजतात."

"लहानमोठे असले का मोजत नाहीत. सारखे केले का मोजाले लागतीन. मंग कोणाले दोन कमी वाढशीन, तं साऱ्याईले दिसते."

मी म्हटलं ही काही पद्धत नव्हे. तुम्ही म्हणालात, "तुह्या शाळेत कर सारखे." ह्यांनी मध्ये पडून विषय मिटवला, आणि मग मी वर्षानुवर्षं तोच मुद्दा पुन्हा काढत राहिले. पुस्तक लिहिताना माझी बाजू मी जिंकून घेतली. पान सतरा, 'समान आकाराचे गोळे'. तिथे तुम्ही उत्तर द्यायला नव्हतात.

त्या लहानमोठ्या गोळ्यांतून तुम्ही काय करत होतात ते मला दिसत होतं. आजारातून उठलेल्याला मोठा. ज्याला मास्तरांनी मारलं त्याला मोठा. शरद दहावीला होता त्या वर्षी सगळे मोठे गोळे माझ्या शरदच्या ताटात. "परीक्षा हाय त्याची," तुम्ही म्हणायचात. प्रकाशचीही त्या वर्षी दहावी होती. हे मला आत्ता लिहिताना सुचलं असं म्हणणं खोटं होईल. मला तेव्हाही माहीत होतं. मी शरदला म्हणत असे, जेव नीट. आणि तुमचा प्रकाश शेजारी बसून बोराएवढे गोळे कुस्करून भात खात असे. शरद इंजिनियर झाला, पुण्याला गेला, त्याची मुलं परदेशात गेली. प्रकाश मौद्याच्या वीजकेंद्रात लागला आणि तुमच्याजवळ राहिला. आणि माझ्याजवळ. हे वारल्यापासून गेली बारा वर्षं, तुम्ही खाली आणि मी वर, माझं दोन्ही वेळचं ताट खालून येत होतं.

शरदची मुलं उन्हाळ्यात यायची तेव्हाही तेच. तुम्ही खाली रांधायचात, मी ताटं वाढून वर न्यायची. ती लहान होती. ताट ज्याच्या हातून मिळतं, अन्न त्याच्या हातचं. मुक्ता पहिल्यांदा परदेशी शिकायला गेली आणि महिन्याभरानं फोनवर रडत म्हणाली, "आजी, तुझ्या हातचं जेवायचंय."

बाई, मी तुम्हाला एक कारण सांगते. ते कारण आहे, सबब नाही. मी तेहतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. या घरात माझी किंमत काय ती तेवढीच होती. आणि नातवंडं अशी निपजली की इंग्रजी त्यांना माझ्यापेक्षा चांगलं येतं. माझे उच्चार ऐकून ओजस लहानपणी हसायचा. माझ्याजवळ जे होतं ते त्यांना नको होतं. त्यांना जे हवं होतं ते तुमच्याजवळ होतं. मुक्ता 'तुझ्या हातचं' म्हणाली तेव्हा मला वाटलं, खरं काय ते मी सांगितलं तर मग ही मला फोन कशासाठी करील?

म्हणून पुस्तक. एक सबंध हिवाळा मी वही घेऊन तुमच्या स्वयंपाकघरात बसले.

"काय लिहून राहिली वं?"

"मुलांसाठी, बाई. त्यांना तिकडे करता यावं म्हणून."

"बरं करून राहिली. माह्या हातात मोजमाप नाही. तू नीट लिहिजो."

तुम्ही मुठीनं डाळ घ्यायचात. मी तुमचा हात धरायची आणि मूठ माझ्या मापाच्या कपात रिकामी करायला लावायची. मग तुम्ही पुन्हा मूठ भरायचात आणि ती आधीपेक्षा वेगळी भरायची, मग तुम्ही हसायचात. "आज पाहुणा येईन असं वाटून राहिलं, म्हणून जास्त आली." मी कपाळाला हात लावायची. त्या हिवाळ्यात आपण जितक्या हसलो तितक्या आधीच्या चाळीस वर्षांत हसलो नव्हतो. हे तेवढं मी सांभाळून ठेवलं आहे. या सगळ्या प्रकरणात मला लाज न वाटता आठवतात ते हे दिवस, आणि त्यांच्याही शेवटी काय झालं ते मला माहीत आहे.

सीताबर्डीला जाऊन मी पुस्तकाच्या स्पायरल घातलेल्या चार प्रती करून आणल्या. वर इंग्रजीत 'आजीज किचन', खाली माझं नाव, एम.ए., बी.एड. सकट. आभाराच्या पानावर ह्यांचं नाव आहे, शरदचं आहे, टाइप करून देणाऱ्या शेजारणीचं आहे.

एक प्रत तुम्हाला दाखवली. तुम्ही पानं उलटलीत, बोट फिरवलंत. "चांगलं झालं दिसते. चित्रं नाही का टाकले?"

मग फोन सुरू झाले. "आजी, पातोड्या चिकट झाल्या." "आजी, गोळे फुटले." मी म्हणायची, "थांब हं, गॅस बंद करून येते." गॅस चालू नसायचाच. फोनवर हात दाबून मी जिना उतरायची आणि तुम्हाला विचारायची.

"कढी उकळायच्या आधीच सोडले असतीन पोरीनं. सांग तिले, पह्यले एक टाकून पाय म्हणा. टिकला तं बाकीचे."

मी जिन्यात उभी राहून मुक्ताला इंग्रजीत सांगायची, मी नेहमी आधी एकच सोडून बघते. 'मी'. तुम्हाला इंग्रजी येत नव्हतं. पण माझा चेहरा वाचायला तुम्हाला इंग्रजी कशाला लागत होतं. एकदा तुम्ही खालून मोठ्यानं विचारलंत, "काय म्हणे पोरगी, जमलं का तुले?" त्यातलं 'तुले' माझ्यासाठी होतं की तिच्यासाठी, हे मी ठरवू शकले नाही.

दोन वर्षांपूर्वी मुक्ता दिवाळीला आली होती. तुम्ही खाली अंबाडी निवडत बसला होतात. ती पुस्तक घेऊन तुमच्याशेजारी येऊन बसली. "मोठी आजी, तुला आजीचं पुस्तक वाचून दाखवते. तू ऐकलंच नसशील." मी दारात होते. मला तिला हाक मारून वर बोलावता आलं असतं. मी चौकट धरून ऐकत राहिले.

ती एकेक वाक्य वाचायची आणि तिच्या मोडक्या मराठीत तुम्हाला सांगायची. डाळकांदा. अंबाडी. ज्वारीच्या कण्या. तुमचीच वाक्यं होती, मी इंग्रजीत नेलेली. ती पुन्हा मराठीत तुमच्यापर्यंत येत होती, आणि दरेकाच्या सुरुवातीला 'मी'. मी अशी करते. मी नेहमी. माझ्या सासूबाईंकडून मी शिकले. सासूबाई तर चुलीपाशी कधी गेल्या नाहीत. तुम्ही मान खाली घालून पानं खुडत होतात. ऐकून तुम्ही मध्ये मध्ये "हो", "बरोबर" म्हणत होतात, शाळेत तपासणीला आलेल्या साहेबासमोर मुलगी म्हणते तसं.

गोळ्याची कढी आली. तिनं सगळी वाचली. तुम्ही म्हणालात, "बराबर लिवलं वं तुह्या आजीनं. एक राहिलं फक्त."

"काय राहिलं, मोठी आजी?"

तुम्ही वर पाहिलंत. मी दारात दिसले. तुम्ही पुन्हा टोपलीत हात घातलात.

"काही नाही. काही नाही राहिलं. वाच पुढं."

त्यानंतर तुम्ही दोन वर्षं होतात. मी रोज खाली येत होते. काय राहिलं ते विचारायला एक वाक्य पुरलं असतं. पण ते विचारलं असतं तर तुम्ही सगळं ऐकलं आहे हे मला मान्य करावं लागलं असतं. मी हवापाण्याचं बोलत राहिले. परवा मंदाला बरं वाटल्यावर मी तिला विचारलं, तुझ्या सासूबाई कढीच्या गोळ्यांत असं काय करायच्या? ती म्हणाली, "मले तरी कुठं सांगत होत्या, काकू? माह्याकडून गोळे त्याईनं करूनच घेतले नाही. म्हणे, तू पोळ्या पाय." ती करते, तिचे टिकतात, पण ते तुमच्यासारखे नाहीत हे तिलाही माहीत आहे.

दवाखान्यात तुम्ही नऊ दिवस होतात. सहाव्या दिवशी दुपारी खोलीत आपण दोघीच होतो. मी ठरवून आले होते. ओजसचा फोन आदल्या दिवशीच झाला होता, प्रस्तावनेचा. मी खुर्ची जवळ ओढली. तेवढ्यात नर्स सलाईन बदलायला आली आणि तुम्हाला मोठ्यानं म्हणाली, "आजी, जेवण काहून परत पाठवता रोज?"

"फिक्कं असते वं."

मग माझ्याकडे हात करून तुम्ही तिला म्हणालात, "हे माही जाऊ. लय शिकलेली मास्तरीण हाय. सैपाकबी चांगला करते. पुस्तक लिवलं तिनं त्याच्यावर."

नर्स माझ्याकडे कौतुकानं बघून हसली. तुम्ही हसत होतात की नाही, ते तोंडावरच्या मास्कमुळे मला कळलं नाही. मी तुमच्या डोळ्यांत पाहिलं असतं तर कळलं असतं. मी सलाईनच्या बाटलीकडे बघत राहिले. मग तुम्हाला डोळा लागला, मग भेटीची वेळ संपली, आणि दुसऱ्या दिवसापासून तुम्ही बोलायच्या राहिलात.

ओजस, मुक्ता, पुस्तक छापायचं असेल तर हे पहिल्या पानावर छापा. छापायचं नसेल तर मला वाईट वाटणार नाही. पानं सगळीच पुन्हा तपासायला हवीत आणि तपासून देणारं आता कोणी नाही. 'मी' जिथे जिथे आहे तिथे मोठी आजी असं वाचा. आणि मला फोन कराल की नाही, ते तुम्ही ठरवा.

बाई, हे पाठवायच्या आधी मी प्रकाशला वाचायला दिलं. आई त्याची होती. तो रात्रपाळीहून आला होता, अंघोळ करून ओसरीवर बसला आणि चष्मा लावून त्यानं सगळं वाचलं. बाजारातल्या गायींपाशी तो थोडा हसला. दहावीच्या ठिकाणी थांबला, मग पुढं गेला. वाचून झाल्यावर कागद नीट जुळवून माझ्या हातात दिले.

"काकू, हे तिले वाचून दाखवलं असतं तं काय बिघडलं असतं?"

रागानं नाही विचारलं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी म्हटलं, "चहा घेतोस?" आणि आत गेले.

उत्तर मला माहीत आहे. काही बिघडलं नसतं. तुम्ही "राहू दे वं" म्हटलं असतं आणि भाजी निवडायला घेतली असती. तरी तुम्ही असता तर हे मी लिहिलं नसतं, बाई. पुढच्या महिन्यात पुस्तक आलं असतं. त्या दिवशी चाळीस माणसांचा स्वयंपाक खाली तुम्ही केला असता, आणि वर सगळ्यांसमोर मी तुम्हाला बोलावून घेतलं असतं, पहिली प्रत तुमच्या हातात द्यायला. तुम्ही जिना चढून आला असता, आणि पदराला हात पुसून ती घेतली असती.